पवनचक्क्यांनी ढग पळवले, म्हणे!

जून सरत आला आणि पावसाने दडी मारली की माण, खटाव, जत, कवठेमहांकाळपासून धुळ्यातल्या साक्रीपर्यंत एक मजकूर फोनवरून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. पवनचक्क्यांची पाती ढग फाडतात. त्या उभ्या राहिल्यापासून पाऊस कमी झाला. कंपन्यांना पाऊस नकोच असतो. म्हणून पावसाळ्याचे चार महिने पवनचक्क्या बंद ठेवा. ज्याच्या गावात पाणी टँकरने येते तो माणूस हे रागाने पुढे पाठवतो, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण रागाचा पत्ता चुकला आहे.

‘पाती ढग फाडतात’

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या नाहीतर वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जुलैत उभे राहिले की हे डोळ्यांना पटतेसुद्धा. ढग पात्यांमधून आरपार जाताना दिसतो. पण हा सगळा भागच समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे पात्यांत शिरतो तो ढगाचा तळ. पाऊस पाडणारा ढग तिथून वर कित्येक किलोमीटर चढलेला असतो. पवनचक्की पात्याच्या टोकापर्यंत मोजली तरी शे-दीडशे मीटर. शिवाय ढग नाहीसा व्हायचा तर त्यातल्या थेंबांची वाफ व्हावी लागते आणि त्यासाठी उष्णता लागते. पात्यांचे काम वाऱ्यातली थोडी गती काढून घेण्याचे. डेन्मार्कच्या समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पाचे 2008 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. दमट हवा घुसळली गेली आणि पवनचक्क्यांच्या मागे धुक्याचे लांबच लांब पट्टे तयार झाले. म्हणजे तिथे धुके विरले नाही, उलट जमले.

आता ही काढून घेतलेली शक्ती पावसाच्या तुलनेत किती, ते बघू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार टन पाणी. एवढ्या वाफेचे पाणी होताना ढगात जी उष्णता सुटते, ती विजेच्या मापात जवळपास सात लाख युनिट भरते. हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यावर अर्धा इंच पाऊस झाला तर हिशेब साडेआठशे कोटी युनिटच्या वर जातो. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची एकूण क्षमता पाच हजार मेगावॉटच्या आसपास आहे. वारा कधी असतो, कधी नसतो, म्हणून क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकीच वीज धरली तर वर्षाला पावणेनऊशे कोटी युनिट होतात. राज्यभरच्या पवनचक्क्यांची वर्षाची कमाई आणि एका तालुक्यावरची एक बरी सर, दोन्ही सारख्याच. असल्या ताकदीला पाती अडवणार?

हवेवर पवनचक्क्यांचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या टेक्सासच्या अभ्यासात उपग्रहांच्या नोंदींवरून दिसले, की पवनचक्क्यांच्या परिसरात रात्री जमिनीचे तापमान किंचित वाढते. वरची उबदार हवा खाली ढवळली जाते म्हणून. 2018 मध्ये संशोधकांनी संगणकावर अख्खे सहारा वाळवंट पवनचक्क्यांनी भरून पाहिले, तर पाऊस वाढला. जमिनीलगत वारा अडला की हवा एकत्र येऊन वर चढते. ती नुसती कल्पना होती आणि आपल्या पठारांना ती तशीच लावता येणार नाही. पण परिणामाची दिशा मजकुरातल्या दाव्याच्या उलटी आहे.

‘त्या आल्यापासून पाऊस गेला’

सातारा-सांगलीत पवनचक्क्यांची गर्दी झाली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून. त्यातच 2002 उजाडले. त्या वर्षी देशभरचा मान्सून सरासरीपेक्षा 19 टक्के कमी पडला आणि सर्वांत जास्त होरपळला तो सातारा-सांगलीचा भाग नव्हे, राजस्थान. प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापले होते, आणि तसे झाले की आपला मान्सून बहुधा कमजोर पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि नाव कावळ्याचे झाले. मग 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांचे काय? तेव्हा कृष्णा सांगलीत शिरली आणि पवनचक्क्या जागच्या जागी फिरत होत्या.

माणदेश कोरडा आहे तो सह्याद्रीमुळे. अरबी समुद्रावरची हवा घाट चढताना गार होते, पाणी तिथेच टाकते आणि पलीकडे उतरताना तापून कोरडी होते. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणला पाचशेच्या आसपास. दुर्गादेवीचा दुष्काळ, 1876 चा, 1972 चा, या सगळ्यांच्या वेळी वीज करणारी एकही पवनचक्की इथे नव्हती. उलट देशातल्या अगदी सुरुवातीच्या पवनचक्क्या 1986 च्या सुमारास देवगडला लागल्या. देवगडचा पाऊस काही आटला नाही.

‘कंपन्यांना पाऊस नको असतो’

ढग आणणारा आणि पाती फिरवणारा वारा एकच आहे. वर्षभरातली निम्म्याहून अधिक पवनवीज जून ते सप्टेंबरमध्येच होते. मान्सून रेंगाळला तर कंपनीचाही धंदा बसतो.

‘मग चार महिने बंद ठेवा’

नेमक्या याच महिन्यांत ढगांमुळे सौर पॅनेलची वीज घटते आणि ती तूट वारा भरून काढतो. पवनचक्क्या थांबवल्या तर त्या वाट्याचा कोळसा चंद्रपूरसारख्या ठिकाणी जास्तीचा जळेल, आणि माणला थेंबभरही जास्त पाऊस मिळणार नाही.

मला या मजकुराचा खरा राग येतो तो वेगळ्या कारणासाठी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये चाळकेवाडी पठाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्या नसलेल्या जागी शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. जिथे पवनचक्क्या होत्या तिथे पक्षी घटले आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले. हे नुकसान मोजलेले आहे, पण याचा मजकूर कोणी फिरवत नाही. जमीन कोणत्या भावाने गेली, पठारावर रस्ते कापताना झरे बुजले का, ग्रामपंचायतीचा कर थकला का, हे प्रश्नही ढगांच्या भांडणात मागे पडतात. आता जुन्या, तीन-साडेतीनशे किलोवॉटच्या पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी दोन-तीन मेगावॉटच्या मोजक्या बसवण्याचे केंद्राचे धोरण आहे. 2016 साली आले, 2023 मध्ये सुधारले. त्याने तेवढ्याच वाऱ्यातून जास्त वीज निघेल आणि पठारावरचे खांब कमी होतील. असा प्रस्ताव गावात आला तर ग्रामसभेत विचारायचे ते हे: जुने पाये उखडणार का, मोकळी झालेली जमीन कोणाकडे जाणार, आणि पक्ष्यांची पाहणी कोण करणार?