पूर्ण तिकिटाची मुलं

विमान कंपनीच्या लेखी मूल बाराव्या वाढदिवसाला प्रौढ होतं. त्या दिवसापासून त्याला पूर्ण तिकीट, आणि वय मोजतात ते तिकीट काढल्या दिवशीचं नव्हे, प्रवासाच्या दिवशीचं. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, खिडकीवरही बाराव्या वर्षापासून बोटांचे ठसे घेतात आणि शुल्क मोठ्यांचं लावतात. स्वित्झर्लंडच्या रेल्वेत मात्र आईबाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल, तर फॅमिली कार्डावर हेच मूल सोळावा वाढदिवस येईपर्यंत फुकट फिरतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते अठरापर्यंत मूलच असतं, त्यामुळे प्रवेश मोफत. अमेरिकी विमान नियमांनुसार पंधरा वर्षांच्या मुलाला आपत्कालीन दाराशेजारच्या रांगेत बसता येतं. म्हणजे घरी फ्रिजचं दार ज्याच्याकडून आजवर नीट लागलेलं नाही, त्याच्यावर विमानाचं दार उघडण्याची जबाबदारी टाकायला एक अख्खा देश तयार आहे.

खुद्द त्या मुलाचं मत विचाराल तर परक्या शहरात एकट्याने फिरायचं असेल तेव्हा त्याचं वय पंचवीस असतं, आणि बॅग जिन्यावरून वर न्यायची असेल तेव्हा पाच.

डिसेंबरच्या सुटीत किशोरवयीन मुलांना परदेशी न्यायचं तर थंडी आणि खर्च या दुय्यम अडचणी आहेत असं माझं ठाम मत आहे. खरी अडचण अशी की या मुलांचं वय दर काउंटरवर वेगळं निघतं. म्हणून पहिलं काम म्हणजे एका कागदावर प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, आणि निघायच्या व परतायच्या तारखेला होणारं वय लिहून काढायचं. पुढचं प्रत्येक बुकिंग त्या कागदाकडे बघून करायचं, आठवणीतून नव्हे. आठवणीत ती सगळी अजून चौथीत असतात.

आता कुठे जायचं हा प्रश्न. मुलांना विचारावं, पण मोकळा प्रश्न विचारू नये. मोकळ्या प्रश्नाला तीन खंडांतून उत्तरं येतात. एकीला आइसलँडला जायचं असतं, कारण तिथला काळ्या वाळूचा किनारा तिने पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत पाहिलेला असतो. व्हिडिओत हे नसतं की डिसेंबरच्या उत्तरार्धात रेक्याविकमध्ये सूर्य साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. दुसऱ्याला ध्रुवीय प्रकाश बघायचा असतो. त्यासाठी काळोख आणि निरभ्र आकाश दोन्ही लागतं. काळोख तिथे भरपूर मिळतो, निरभ्र आकाशाची हमी मात्र कोणी देत नाही, म्हणून अशा ठिकाणी एका रात्रीवर विसंबू नये, निदान तीन-चार हाताशी ठेवाव्यात. तिसऱ्याचं उत्तर 'काहीही चालेल' असं येतं. हा सर्वांत धोकादायक मतदार. सगळं बुक झाल्यावर त्याला काय चालत नाही ते कळतं.

तेव्हा आपणच तीन पर्याय काढावेत, प्रत्येकापुढे प्रवासाचे तास, दिवसाचा उजेड आणि तापमान लिहावं आणि मग मतदान घ्यावं. त्यात एखादा पर्याय दक्षिण गोलार्धातला ठेवायला हरकत नाही. डिसेंबरात सिडनीत उन्हाळा असतो आणि बॅगेचं वजन निम्म्यावर येतं. निकाल लागला की तो गोठवायचा. हे मी हट्टाने सांगतो आहे, कारण त्यामागे व्हिसाचा नियम आहे. शेंगेन देशांत ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. त्यामुळे 'पॅरिस दोन दिवस कमी करून प्राग वाढवू या ना' हे जेवणाच्या टेबलावर सहज सुचलेलं वाक्य अख्खा अर्ज एका वकिलातीतून दुसरीत ढकलू शकतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज गेलेला बरा, कारण जगभरच्या शाळांनी एकमेकींशी ठरवल्यासारखी एकाच पंधरवड्यात सुटी दिलेली असते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. शेंगेनबाहेरचे बरेच देश तीनऐवजी सहा महिने मागतात. इथे फसगत होते ती अशी: पुष्कळ देशांत मुलांचा पासपोर्ट दहा नव्हे, पाचच वर्षांचा असतो. आईबाबा स्वतःची तारीख बघून निश्चिंत होतात आणि मुलाचा पासपोर्ट मधल्या मध्ये संपलेला असतो. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकांच्या सह्याही लागतात. आणि एकच पालक बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र कॅनडासारखे देश जवळ ठेवायला सांगतात.

फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. डोळ्यांवर केस नकोत, हा अर्ध्या घराचा भांडणाचा विषय. हसायचं नसतं, चेहरा निर्विकार ठेवायचा असतो; या वयाची मुलं एवढा एक नियम विनातक्रार पाळतात.

विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. तो काढताना बर्फावरचे खेळ त्यात धरलेत का हे वाचा. साध्या पॉलिसीत स्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं आणि मुलांनी तर तेवढ्यासाठीच मतदान केलेलं असतं.

हॉटेलचं गणित वेगळंच. युरोपातल्या कित्येक खोल्यांत दोन म्हणजे दोनच माणसं राहतात. तिसऱ्यासाठी जी जादा खाट मिळते, तिच्यावर पावणेसहा फुटी मूल गुडघ्यांपर्यंतच मावतं. बुकिंग करताना वय खरं लिहावं, नाहीतर पोचल्यावर जादा माणसाला जागा नाकारली जाऊ शकते. चौघांना दोन खोल्या लागतात, आणि काही हॉटेलं प्रत्येक खोलीत एक सज्ञान माणूस नोंदवायला सांगतात, म्हणून कागदावर आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या. आतून दार असलेल्या जोडखोल्या हव्या असतील तर हॉटेलकडून तसं लेखी घ्या. 'विनंती नोंदवली आहे' याचा व्यवहारातला अर्थ एक खोली दुसऱ्या मजल्यावर आणि एक पाचव्या. तरुण पिढीला ही व्यवस्था मनापासून आवडते. फक्त वायफाय दोन्ही मजल्यांवर सारखा हवा.

आता सर्वांत कठीण प्रकरण: सूर्य. वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळ तास-दोन तास उशिरा सरकतं आणि झोप आठ ते दहा तासांची लागते. हा आळस नाही, जीवशास्त्र आहे, आणि मुलं आपल्याला हे रोज ऐकवतात. एकवीस डिसेंबरला लंडनमध्ये सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि चारच्या आत मावळतो. साडेदहाला उठणं, अंघोळीसाठी चाळीस मिनिटं, केसांसाठी तेवढीच, नाश्त्याची वेळ टळल्याने बाहेर खाणं, मग कोणीतरी हातमोजे विसरल्याने परत खोलीत जाणं. टॉवर ब्रिजवर कुटुंब पोचतं तेव्हा उजेडाचा शेवटचा दीड तास उरलेला असतो, आणि त्यातला एक तास फोटोंचा.

झोपेशी लढू नये, वेळापत्रक उलटं करावं. उघड्यावरचं जे काही असेल ते अकरा ते तीन, आणि अंधार पडल्यावर छपराखाली. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत. (लूव्र मंगळवारी बंद. मंगळवारीच त्या दारात उभी असलेली कुटुंबं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.) भल्या पहाटेची कार्यक्रमपत्रिका एकाच परिस्थितीत यशस्वी होते: पश्चिमेकडे बरेच तास ओलांडून गेलात तर. मग पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे चारला टक्क जागी असतात. डोंगरावरचा सूर्योदय वगैरे तेव्हाच उरकून घ्यावा. पूर्वेकडे गेलात तर उलटं होतं. तिकडे जुळवून घ्यायला दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस धरा.

नाताळचे दिवस स्वतंत्र तपासावेत. पंचवीस डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे, बस, आगगाडी सगळं बंद असतं. त्या दिवशी राहण्याची जागा अशी निवडावी की पायी काहीतरी बघता येईल. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध नाताळबाजार चोवीसलाच आटोपतो. पंचवीसला पोचलेल्यांना तिथे दोऱ्या सोडणारे कामगार दिसतात.

कपड्यांबद्दल मुलांशी वाद घालण्यात अर्थ नाही, थरांबद्दल मात्र घालावा. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, कधीही सुती नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि चालणं थांबलं की अंग गार पडतं. मधला फ्लीसचा. बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. किशोरवयीन पद्धतीत हे तिन्ही थर एकाच सुती हुडीत सामावलेले असतात आणि 'मला थंडी वाजत नाही' हे वाक्य ओठ निळे झाल्यावरही ऐकू येतं. उपाय एकच: बाहेरचं जॅकेट त्यांना निवडू द्यावं, रंगासकट, आणि आतला थर आपण निवडावा. तो फोटोत दिसत नसल्याने त्यावर कोणी हरकत घेत नाही. हातमोजे माणशी दोन जोड. एक मोजा हमखास ट्रेनमध्ये राहतो, आणि बोटांनी फोन चालेल असे नसतील तर दुसरा खिशात राहतो. बूट शेवटच्या महिन्यात घ्यावेत, त्याआधी नाही. सप्टेंबरात बेतशीर बसलेला बूट डिसेंबरात टाचेपाशी अडतो. घालून बघायचे तेही संध्याकाळी, जाड मोज्यांसकट, आणि पुढे बोटं हलतील एवढी जागा ठेवून.

स्कीचं सामान तिथे भाड्याने मिळतं. बूट पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून देतात. मात्र बूट स्कीवर धरून ठेवणारी बाइंडिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून लावतात. पडल्यावर ती वेळेत सुटली नाही तर पाय स्कीसकट पिळवटतो. आणि नेमकी इथे मुलं थापा मारतात. मुलगा कौशल्य फुगवून सांगतो, मुलगी वजन सांगतच नाही. आदल्या रात्री खरे आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यावेत आणि चिठ्ठी न बोलता दुकानदाराला द्यावी. कौशल्याच्या रकान्यात मुलासमोरच 'नवशिका' लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.

बॅगांत हवा काढून टाकायच्या पिशव्यांनी आकार घटतो, वजन नाही. तेवीस किलोची बॅग सहज अठ्ठावीसची होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. जड बूट आणि जॅकेट अंगावरच न्यावेत. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती केबिनमध्येच, आणि साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४, चालते. काही कंपन्यांनी आता विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे, तेव्हा फोन घरूनच भरून घ्या. थंडीत बॅटरी वेगाने उतरते, म्हणून बाहेर फिरताना फोन आतल्या खिशात ठेवायचा. तिथे तो दोन मिनिटांवर टिकत नाही हे मान्य. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो कुठेही चालतो. केस सरळ करण्याच्या यंत्रावर तसं लिहिलेलं असेलच असं नाही. २३० व्होल्टचं यंत्र जपानच्या १०० व्होल्टवर कोमट होतं आणि केस होते तसेच राहतात. त्या सकाळच्या वातावरणाचं वर्णन इथे टाळतो.

ई-सिम घरच्या वायफायवरच बसवून घ्या. ते उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं आणि बऱ्याच कंपन्यांचा क्यूआर कोड एकदाच चालतो, म्हणून 'काढून परत टाकून बघतो' म्हणणाऱ्याच्या हातून फोन काढून घ्यावा. बँकेचे ओटीपी जुन्या सिमवर येतात, ते चालू ठेवा. डेटा प्रत्येकाला वेगळा घ्या. एकाच्या हॉटस्पॉटवर चौघं राहिले तर दुपारपर्यंत डेटा संपतो, आणि ज्याच्या फोनवर नकाशा आहे तोच नेमका पुढच्या चौकात अडकतो.

राहता राहिली विमानातली जागा. बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांशेजारी बसवायची काळजी बहुतेक कंपन्या घेतात. त्यावरच्यांना सीट आधी निवडली नाही तर कुठेही टाकतात. निवडीचे पैसे भरावेत का? माझ्या मते नऊ तासांच्या उड्डाणात, सोळा वर्षांच्या मुलासाठी, मुळीच नाही. सात रांगा मागे, दोन अनोळखी माणसांच्या मधे तो अतिशय सुखात असतो, आपण त्याचे कोणी नाही असं दाखवायची संधी त्याला एरवी मिळत नाही. फक्त त्याचा पासपोर्ट आपल्याकडे ठेवावा, आणि उतरताना तो जागा झाला आहे ना, एवढं बघावं.