बालरथ रविवारी शाळेच्या आवारात उभेच असतात

पोस्ट लांब होणार आहे. ज्यांच्या घरी यंदा बारावीचं मूल आहे त्यांनी सवडीने वाचा. ज्यांचा शाळेच्या व्यवस्थापनात, पालक-शिक्षक संघात किंवा पंचायतीत शब्द चालतो, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा, कारण बालरथांबद्दलची, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या शाळेच्या बसांबद्दलची, माझी मागणी त्यांच्याकडे आहे.

७ मे २०२३, रविवार. थोरलीची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा होती, केंद्र मडगावकडे. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईचे. गांजे, उसगाव, फोंडा, मग बोरीचा पूल ओलांडून पुढे, असा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. पेपर दोनला, फाटक दीडला बंद. आम्ही दहाला निघालो आणि पावणेबाराला पोचलोसुद्धा. गाडी एका आंब्याच्या सावलीला लावली. वेळ आहे म्हणून तिने एकदा फाईल उघडून बघितली आणि तिचा चेहराच उतरला. ॲडमिट कार्डासोबत जे पान येतं त्यावर चिकटवायचा पोस्टकार्ड आकाराचा फोटो घरी टेबलावर राहिला होता. पासपोर्ट फोटो चार होते, मोठा एकही नव्हता.

रविवारची दुपार. आपल्याकडे एरवीही एक वाजला की दुकानाचं शटर खाली येतं ते साडेतीन-चारपर्यंत, आणि रविवारी तर कित्येक दुकानं उघडतच नाहीत. दोन फोटो स्टुडिओ बंद. तिसराही बंद, पण शेजारच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, मालक मागच्याच घरात राहतात, हाक मारा. मालक जेवत्या ताटावरून उठून आले. हात धुतले, पुसायलाही थांबले नाहीत, अर्धं शटर वर केलं, मोबाईलमधला फोटो घेऊन प्रिंट काढून दिली. पैसे घेताना मुलीला म्हणाले, "बाय, पेपर बरो बरय." (पेपर छान लिही.) आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा एक वाजून अठरा मिनिटं झाली होती.

ती आत गेली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. वाटेत तिस्क गाव आलं तेव्हा म्हणाली, "आई, पहिला अर्धा तास मला प्रश्न दिसत होते गं, पण वाचता येत नव्हते."

पेपरची तयारी तिने दोन वर्षं केली होती. त्या दिवसाची तयारी करणं आमच्याकडे होतं, आणि ती आम्ही आदल्या रात्री अर्ध्या तासात उरकली होती. ती आज दुसऱ्या शाखेत शिकते, मनापासून शिकते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो अर्धा तास तिचा होता आणि तो आमच्यामुळे गेला, हे मी विसरू शकत नाही. आता धाकट्याची पाळी आहे. यंदा आमच्या घरात सगळ्यांनी तो दिवस आपला मानला आहे.

सगळ्यात आधी आम्ही दुपारची झोप सोडली. हसू नका, हे महत्त्वाचं आहे. गोव्यातलं घर दुपारी दोन ते चार झोपतं. आजी झोपते, दुकान झोपतं, अंगणातलं कुत्रंसुद्धा झोपतं. जन्मापासून ज्या वेळी अंग पडायची सवय, नेमक्या त्याच वेळी त्या मुलाने १८० प्रश्न सोडवायचे, आणि चुकलं की एक गुण वजा. तो सराव पेपर सोडवायचा रात्री नऊला, कारण तेव्हा घर शांत. गुण छान यायचे. एकदा मुद्दाम दुपारी दोनला बसवला तर तीनपर्यंत डोळे जड, आणि फिजिक्समध्ये सोप्या सोप्या चुका. तेव्हापासून दोन ते पाच सगळं घर जागं असतं. टीव्ही बंद. त्याच्या हातात घड्याळ नाही, कारण तिथे हातावर घड्याळ चालत नाही. भिंतीवरचं बघून वेळ सांभाळायची सवय लावली. पंखाही एकवर. मे महिन्यातला दमटपणा तुम्हाला माहीत आहेच, आणि आपल्या वाट्याला पंख्याखालचंच बाक येईल असं कुणी लिहून देत नाही.

मग जेवण. फाटकातून साडेबारा-एकला आत जायचं, बाहेर यायचं पाचनंतर. म्हणजे दुपारचं जेवण ना धड आधी, ना धड नंतर. थोरलीच्या वेळी मी प्रेमापोटी पुरी-भाजी केली होती. यंदा अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत थोडी चवळीची उसळ, बस्स. दोन रविवार करून बघितली. पोट हलकं राहतं, तहान कमी लागते आणि साडेतीनपर्यंत भूक लागत नाही. आत पाण्याची पारदर्शक बाटली नेता येते, तिच्यावरचा कागद मात्र आदल्या दिवशीच काढून टाका.

कपड्यांचं आणि कागदांचं सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी फाटकावर तेच होतं. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, अंगावर धातू काही नाही, म्हणजे कानातलं, साखळी, मोठी धातूची बटणं, काही नाही. मुलींच्या आयांनो, कानातलं आदल्या रात्रीच काढून ठेवा. फाटकावर घाईत फिरकी निघत नाही आणि पोर रडकुंडीला येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ओळखपत्र मूळचं, मोबाईलमधला फोटो नव्हे. फोटो अर्जावर लावला होता तोच, छोटा आणि मोठा दोन्ही. सही आणि अंगठा कुठे घरी करायचा आणि कुठे पर्यवेक्षकांसमोर, ते ॲडमिट कार्डावर लिहिलेलं असतं. मुलाने स्वतः मोठ्याने वाचावं आणि घरच्यांनी ऐकावं. आमच्याकडे फाईल शनिवारी दुपारी बंद होणार आणि गाडीच्या सीटवर जाऊन बसणार. रात्री पुन्हा उघडायची नाही.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या सत्तरीवाल्यांचं खरं दुखणं तिथे आहे. परीक्षेचं शहर आधी कळतं, नेमकी शाळा ॲडमिट कार्डावर कळते, आणि ते हातात येतं अगदी शेवटच्या दिवसांत. तोवर आम्ही दोन्ही वाटा मोजून ठेवल्या. एक फोंड्यावरून बोरीचा पूल धरून मडगावकडे. दुसरी साखळी, डिचोलीवरून पणजीकडे. ह्यांनी एका रविवारी एक आणि पुढच्या रविवारी दुसरी, दोन्ही वेळा सकाळी त्याच वेळेला गाडी नेऊन बघितली. रविवारीच जायचं. मंगळवारचा रस्ता आणि रविवारचा रस्ता वेगळा असतो. रविवारी चर्चकडे माणसं, समुद्राकडे पर्यटकांच्या गाड्या, मेचा मुहूर्त असेल तर हॉलबाहेर लग्नाची गर्दी. नीट २०२३ ला ७ मे, २०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे, तिन्ही वेळा मेचा पहिला रविवार. डिचोलीजवळच्या शिरगावच्या लइराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची, म्हणजे तीही बहुधा आगेमागेच. घरात कालनिर्णय असतोच, एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?

पण हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट टोचते आहे. आमच्याकडे गाडी आहे.

२०२३ च्या त्या दुपारी, आमची आत गेल्यावर मी फाटकाशीच उभी होते. एक मुलगी धावत आली. एकटीच. हातात प्लास्टिकची फाईल, खांद्याला छोटी पर्स, पर्समध्ये मोबाईल. आत मोबाईल चालत नाही आणि सामान ठेवायची सोय नाही. दीडला पाच मिनिटं कमी. तिने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकी, हे तुमच्याकडे ठेवाल?" मी नीट हो म्हणायच्या आत पर्स माझ्या हातात होती आणि ती आत.

जवळजवळ चार तास ती पर्स मी मांडीवर घेऊन बसले. मोबाईल मधे मधे वाजत होता, "बाबा" असं नाव यायचं. तिसऱ्यांदा मी उचलला आणि सांगितलं, वेळेत पोचली, आत आहे. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मग नुसतंच, "बरं झालं हो."

ती निघाली सत्तरीचीच, चरावण्याकडची. रविवारी सकाळी गावातून वेळेत बस मिळेल याची खात्री नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळीच फोंड्याला मामाकडे येऊन राहिलेली. मामाच्या घरी पाहुणे, रात्री झोप नाही. सकाळी फोंड्याहून बस, पुढे पायलट (भाड्याची मोटरसायकल), केंद्र सापडायला वेळ. पाच वीसला सुटल्यावर परतीचा प्रश्न वेगळाच: फोंडा, तिथून वाळपई, आणि वाळपईहून आत जाणारी शेवटची गाडी तोवर निघून गेलेली. आम्ही तिला गाडीत घेतलं. वाळपईच्या स्टँडवर तिचे बाबा स्कूटर घेऊन उभे होते. ते गाडीपाशी आले, काही बोलायला गेले आणि बोलू शकले नाहीत.

माझ्या मुलीचा अर्धा तास गेला म्हणून मला इतकी वर्षं वाईट वाटतंय. त्या मुलीचा किती वेळ गेला असेल? पेपर दोघींचा एकच, वेळ एकच, गुण मोजायची पट्टी एकच.

इंजिनिअरिंगच्या जेईई मेनचं तर याहून कठीण. सकाळचं सत्र नऊला, फाटक साडेआठला बंद. सत्तरीच्या किंवा सांगे-केपेच्या आतल्या गावातल्या मुलाने तिथे कोणत्या बसने पोचायचं? टॅक्सी करायची तर जाऊन-येऊन दिवसभराचं भाडं, आणि ज्यांना ते परवडतं त्यांच्या दारात बहुधा गाडी असतेच.

आता माझी मागणी. आपल्या अनुदानित शाळांकडे बालरथ आहेत. सोमवार ते शनिवार त्या गाड्या गावागावांत फिरतात. कुठल्या वाडीवर कोणतं मूल राहतं, कुठे वळायला जागा आहे, हे त्या चालकांइतकं कुणालाच ठाऊक नाही. परीक्षेच्या रविवारी त्या शाळेच्या आवारात कुलूप लावून उभ्या असतात. वर्षातला एक रविवार, फार तर दोन, त्या या मुलांसाठी काढता येणार नाहीत का? तालुक्यातल्या हायर सेकंडरींनी आपली परीक्षार्थी मुलं मोजावीत, केंद्रं कळली की दोन वाटांच्या दोन गाड्या ठरवाव्यात, सोबत एक शिक्षक किंवा शिक्षिका जावी. मुलांचे मोबाईल आणि पर्सा त्यांच्याकडे राहतील, गाडी तिथेच थांबेल, संध्याकाळी मुलं घरच्या वाटेवर उतरतील. त्यासाठी शिक्षण खात्याची परवानगी लागत असेल तर ती आत्ताच मागूया, आदल्या आठवड्यात नको. चालक आणि अटेंडंट यांना त्या दिवसाचे पैसे रोख आणि पूर्ण मिळाले पाहिजेत. आपल्या पगारासाठी त्यांना वेळोवेळी आंदोलन करावं लागलं आहे, त्यांच्याकडून फुकट रविवार मागायचा आपल्याला अधिकार नाही. डिझेलचा खर्च पालक-शिक्षक संघ उचलू शकतो. आमच्या संघाला मी तसं लेखी दिलं आहे.

एका मैत्रिणीने मला सांगितलं, मुलांना जरा एकटं जाऊ दे, स्वावलंबी होतील. ते खरंच आहे, पण त्यासाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत. या एका दुपारी मुलाने डोकं फक्त त्या पुस्तिकेत घालावं एवढीच माझी इच्छा आहे.

संघाची बैठक येत्या शनिवारी आहे. तिथे काय ठरेल ते ठरेल, पण आमच्या गाडीत मागच्या सीटवर दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्या मला रिकाम्या न्यायच्या नाहीत. वाळपई, नगरगाव, ठाणे, चरावणे या बाजूचं कुणी असेल, मुलगा असो वा मुलगी, तर मला मेसेज करा. सकाळी साडेआठला वाळपई स्टँडवरून निघणार, कुणाला उशीर झाला तर नऊपर्यंत थांबणार. मी दिवसभर फाटकाबाहेर आहे, सामान माझ्याकडे द्या. पेजेचा डबा मोठा घेते आहे, पाचजणांना पुरेल.