'सैन्याला मोकळीक द्या' म्हणणाऱ्यांसाठी

परवा हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव आटपला आणि चहाच्या टपरीवर पुन्हा तोच विषय निघाला. युद्धात सगळं सैन्याने ठरवावं, पुढाऱ्यांनी मध्ये पडू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे पटत नाही. तिथे बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझे आजोबा १९६५ साली नौदलात होते. त्या युद्धात पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला, म्हणजे कराचीच्या दिशेने, जायचं नाही, असा नौदलाला सरकारचा हुकूम होता. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तरीही. नौदलप्रमुख भास्कर सोमण यांनी हरकत घेतली. हुकूम बदलला नाही आणि त्यांनी तो पाळला. जेवताना हा विषय निघाला की आजोबा ताटातला भात तसाच टाकून हात धुवायला उठायचे.

त्यांचा राग मी समजू शकतो. पण त्याच महिन्यात, १ तारखेला जम्मूतल्या छांबवर पाकिस्तानचा हल्ला झाला तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई दलाला परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी विमानं उडाली. ६ तारखेला फौजा लाहोरच्या दिशेने निघाल्या. म्हणजे एका दलाला सोडलं, दुसऱ्याला रोखलं. युद्ध किती पसरू द्यायचं, पैसा किती दिवस पुरेल, बाहेरचे देश काय करतील, हा हिशेब एकट्या दलाने मांडायचा नसतो. तो चुकलाही असेल. तरी मांडायचा हक्क निवडून आलेल्यांचाच.

घटनेच्या ५३व्या कलमाने सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलंय आणि ७४व्या कलमाने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलंय. प्रत्यक्षात निर्णय होतो तो पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र या खात्यांच्या मंत्र्यांच्या समितीत. एप्रिल २०२५ मध्ये पद्धत, लक्ष्य आणि वेळ सैन्याने ठरवावी असं जाहीर झालं, तेव्हा टपरीवर टाळ्या पडल्या होत्या. अहो, पण ती मुभा दिली कोणी? सरकारनेच ना?

बंदरावरच्या माणसांना खरं तर हे मी सांगायला नको. बोट समुद्रात घालायची की नाही, ते नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, ठरवतो. जाळं कुठे मारायचं, ते बोट चालवणारा तांडेल. नाखवा घरी बसून फोनवर जाळं मारायला लागला तर तांडेल दुसऱ्या दिवशी बोट सोडेल. कारगिलमध्ये १९९९ साली नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हे सरकारने ठरवलं. तोलोलिंगचा डोंगर कसा चढायचा, ते सैन्याने.

फरक एवढाच की बोट बुडाली तर नाखवाही बुडतो. मंत्र्याचं तसं होत नाही, आणि माझा जीव इथे अडकतो. युद्धाआधी संसदेत मतदान झालंच पाहिजे, असं आपल्या घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अध्यक्षाला सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवावं लागतं, आणि तिची मंजुरी नसेल तर साधारण ६० दिवसांत आवरतं घ्यावं लागतं. तिथेही पळवाटा काढतात, पण निदान कायदा आहे. आपल्याकडे नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी फौजा आत आलेल्या असताना, वाजपेयींसारख्या तरुण खासदाराच्या मागणीवरून संसद लवकर बोलावली गेली. नेहरूंनी भर युद्धात उघड्या सभागृहात टीका ऐकून घेतली. आज साधा प्रश्न विचारला तर गावच्या ग्रुपवर देशद्रोही ठरवतात. पुढच्या वेळी आपला खासदार मतं मागायला येईल तेव्हा मी त्याला विचारणार आहे, लढाई चालू असताना तू सभागृहात उभा राहशील का?

आजोबांची खंत हुकूम पाळण्याची नव्हती. तो का होता, हे त्यांना कधीच कोणी सांगितलं नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या, तोवर ते निवृत्त होऊन घरी आले होते. रेडिओवर बातमी आली तेव्हा ओटीवर बसून होते. आजी सांगायची, बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "ह्या वेळी जाऊ दिलंनी."