साहेब, ऐंशी झाले

आमच्या घरात रोज सकाळी दोन आकड्यांची चौकशी होते. आईची उपाशीपोटीची साखर आणि गाडीचा चार्ज. दोन्ही चहाच्या आधी बघायचे, दोन्ही कॅलेंडरवर लिहायचे, आणि दोन्ही जिथे असायला हवेत तिथे कधीही नसतात. फरक एवढाच, की एक खाली हवा असतो आणि दुसरा वर. मध्यंतरी अर्धवट झोपेत "एकशे अडुसष्ट" असं ऐकून मी अंथरुणातच हरखलो. मला वाटलं, गाडी रेंज दाखवतेय, म्हणजे अजून एवढे किलोमीटर जाईल. ती आईची साखर होती.

गाडी घेतली तेव्हा मी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज दीड तास काढत होतो. मानपाडा ते माजिवडा. मेट्रोचे खांब वर जात होते आणि माझं पेट्रोल खाली. कोंडीत उभ्या असलेल्या पेट्रोलच्या गाडीचं इंजिन फुकट घुरघुरत राहतं, विजेची गाडी मात्र उभी तर उभी. जे काय खाईल ते एसी खाईल. हे कळलं त्या दिवशी माझी खात्री पटली, की विजेच्या गाडीचा शोध घोडबंदर रोडसाठीच लागलेला आहे.

शोरूममधला मुलगा म्हणाला, "काही नाही सर, मोबाइलसारखी लावायची रात्री. पंधरा अँपिअरच्या प्लगला. सकाळी फुल." मोबाइल मी उशाशी घेऊन झोपतो. गाडी सात मजले खाली, स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये झोपते. हा बारीकसा मुद्दा मला सही केल्यावर सुचला.

सोसायटीच्या परवानगीबद्दल फार लिहीत नाही, सात महिने लागले. नव्या इमारतींत पार्किंगच्या २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज असाव्यात असं केंद्राच्या आदर्श नियमावलीत २०१९मध्ये आलं, पण आमची इमारत २००४ची, तिच्यात पार्किंगच २० टक्के आहे. कमिटीसमोर मी सगळे कागद मांडले. एका काकांनी विचारलं, "तुमची गाडी लावल्यावर आमची लिफ्ट हळू चालणार का?" खजिनदारांची शंका रास्त होती: बिल कोणाच्या नावावर? घरच्या मीटरवर घेतलं असतं तर महिन्याला सव्वाशे युनिटं वाढून मी महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलो असतो, म्हणजे बायकोच्या गिझरचे युनिटही महागले असते. चार्जिंगसाठी वेगळा मीटर मिळतो, त्याचा दरही वेगळा असतो. तो घेतला. मग कमिटीने पाचच शब्दांचा ठराव केला: "सदर पॉइंट सर्व सभासदांसाठी राहील." तेव्हा इमारतीत हिरव्या नंबर प्लेटची, म्हणजे विजेची गाडी माझी एकट्याची होती, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रात्री गन, म्हणजे चार्जरच्या वायरचं टोक, गाडीला लावली. गाडीत टक् असा आवाज झाला आणि चार्जरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकायला लागला. काढून लावली. लाल. प्लग उलटा करून बघावा असं मनात आलं, पण तीन पिनांचा प्लग उलटा कसा करणार? शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, दोन बल्ब लावले, खाली बसून बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गाडीला काय झालेलं नाय. तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नाय."

"म्हणजे?"

"तिसरी पिन आहे, पण ती कुठं जात नाय."

वीस वर्षं आमचे फ्रिज, गिझर, मिक्सर त्या कुठेही न जाणाऱ्या पिनेवर गुण्यागोविंदाने चालले होते. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण ही गाडी शिकलेली. तिला जमिनीशी नातं आहे याचा पुरावा मिळाल्याशिवाय ती विजेचा एक थेंब घेत नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन दोन माणसं घेऊन आला. बागेत जास्वंदीच्या बाजूला माणूसभर खड्डा खणला. त्यात एक पाइप उभा केला आणि त्याच्याभोवती कोळशाचा थर, त्यावर जाड्या मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असं रचत वर बादलीभर पाणी ओतलं. ओल धरून राहावी आणि वीज जमिनीत सहज उतरावी म्हणून हे करतात. शास्त्र आहे. पण गॅलरीतून बघणाऱ्या आईला ते वेगळंच दिसलं. ती वरून ओरडली, "अरे, एवढं मीठ टाकताच आहात तर चार मोहऱ्या पण टाका, दृष्ट तरी निघेल!"

संध्याकाळी गन लावली. हिरवा दिवा. आई म्हणाली, "बघ."

आता आमच्या इमारतीत हिरव्या प्लेटच्या पाच गाड्या आहेत आणि पॉइंट एकच. ३० युनिटांची बॅटरी साध्या प्लगवर भरायची तर रात्र जाते, म्हणजे एका रात्री एकच गाडी. वेळापत्रक झालं. माझा वार मंगळवार आणि शुक्रवार. माझं लहानपण चरईतल्या चाळीत गेलं. तिथे पहाटे पाचला नळ यायचा आणि रात्रीपासून हंडे रांगेत असायचे. ज्याचा हंडा नसेल त्याचा दगड असायचा, आणि दगडालाही नंबर असायचा. चाळ सोडून टॉवरमध्ये आलो, चोवीस तास पाणी आलं, तेव्हा आई म्हणाली होती, सुटलो बाई रांगेतून. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बुधवारच्या रात्री पॉइंटसमोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्यांची गाडी यायची होती. आईने खुर्ची बघितली आणि काहीच बोलली नाही.

त्या रविवारी वार माझा नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. सकाळी गाडी ६१ टक्क्यांवर होती. माझ्या भाच्याने बातमी दिली, "मामा, आपल्याला अटल सेतूवर टोल नाही." खरंच आहे, ऑगस्ट २०२५पासून विजेच्या चारचाकींना तिथे टोल माफ आहे. एरवी एका वेळचे २५० रुपये पडतात. आता २५० रुपये वाचत असताना घरी बसून राहणं आमच्यात बसत नाही. पलीकडे कोणाकडेही काम नव्हतं. आई, बायको, भाचा आणि मी ठाण्याहून शिवडीला गेलो, बावीसेक किलोमीटरचा सेतू ओलांडून २५० रुपये वाचवले, उलव्याला उसाचा रस प्यायलो आणि पाम बीच रोडने, ऐरोली पुलावरून परत फिरलो. नव्वद किलोमीटर झाले. गाडीत १७ टक्के उरले.

"पुरेल की घरापर्यंत," बायको म्हणाली.

घरापर्यंत पुरलं असतं. पण सोमवारी सकाळी ऑफिसपर्यंत पुरलं नसतं, आणि रात्री पॉइंटवर तिसरा मजला होता. खुर्चीसकट.

म्हणून आम्ही मॉलमध्ये वळलो. चार्जर तळघरात, त्याच्या खालच्या तळघरात. हे फास्ट चार्जर नेहमी अशा जागी का असतात कळत नाही. चार्जर चालू करायला अ‍ॅप लागतं, अ‍ॅपला नेटवर्क लागतं, आणि जगात नेटवर्क न पोचलेली जी काही मोजकी ठिकाणं उरली आहेत तिथे शोधून शोधून चार्जर बसवलेले असतात. माझ्या फोनमध्ये चार्जिंगची नऊ अ‍ॅप्स आहेत. प्रत्येकाचं वॉलेट वेगळं. कुठे ३८ रुपये अडकलेत, कुठे १२. आमच्या आजीचे पैसे असेच होते. थोडे तांदळाच्या डब्यात, थोडे हळदीच्या. पण आजीला कुठे किती ते ठाऊक होतं आणि हळदीच्या डब्याने तिला कधी ओटीपी मागितला नाही.

दोन चार्जर होते. पहिल्यासमोर एक भलीमोठी डिझेलची गाडी आरामात उभी, मागच्या काचेवर 'आईची कृपा'. दुसऱ्यावर हिरव्या प्लेटची गाडी लागलेली आणि पडद्यावर आकडा ९४.

हा ९४ आकडा ज्याला चीड आणत नाही त्याने विजेची गाडी चालवलेली नाही. फास्ट चार्जर ८० टक्क्यांपर्यंत सुसाट भरतो आणि मग रांगायला लागतो. का, ते ठाणेकराला समजावावं लागू नये. ठाण्याहून सुटणारी लोकल फलाटाला लागली की पहिली शंभर माणसं एका दमात आत घुसतात, खिडक्या पटकावतात. त्यानंतरच्यांना "जरा आत सरका, जरा आत सरका" करत एकेक इंच मिळवावा लागतो. बॅटरीतल्या लिथियमचंही तेच. जागा भरत आल्या की घाई केलेली बॅटरीला मानवत नाही, म्हणून गाडी स्वतःच वीज कमी घेते. शेवटचे २० टक्के जवळजवळ आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ खातात. घरी रात्रभर खाऊ दे. पण सार्वजनिक चार्जरवर ऐंशीनंतर थांबणारा माणूस म्हणजे नळाखाली हंडा भरल्यावर तिथेच तांब्या घासायला बसणारा माणूस.

मी वॉचमनकडे गेलो. साठीचा माणूस, गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली. "ते सिनेमाला गेलेत," तो म्हणाला. "इंटर्व्हल झालं की येतील."

इंटर्व्हल झालं. सद्गृहस्थ पॉपकॉर्नसकट आले. मी शक्य तितक्या सभ्यपणे म्हणालो, "चौऱ्याण्णव झालेत हो."

"झाले का? नेटवर्क नव्हतं ना खाली," ते म्हणाले आणि त्यांनी गन काढली. तेवढ्यात त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या चिरंजीवाने चार्जरवरचं ते मोठं, लाल, गोल बटण दाबलं. मी त्याला दोष देत नाही. ते बटण बघून मलाही नेहमी तेच वाटतं.

चार्जर मेला. पडद्यावर लाल पट्टी. गाडी निघून गेली. मी जिन्यावर जाऊन नेटवर्क पकडलं आणि ग्राहकसेवेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने तक्रार नोंदवली. "आमचे टेक्निशियन अठ्ठेचाळीस तासांत येतील सर." मी खाली आलो तर वॉचमन चार्जरसमोर उभा. त्याने बाटली काखेत धरली, लाल बटणावर पंजा ठेवला आणि बरणीचं झाकण उघडावं तसं ते फिरवलं. बटण फट्कन बाहेर आलं. चार्जर जिवंत.

"ते दाबलं की आतच बसतं साहेब. फिरवून सोडवायचं," तो म्हणाला. "रविवारी चारपाच वेळा होतं."

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २००० कोटींची तरतूद आहे, सुमारे ७२ हजार स्टेशनं उभारायची आहेत. चांगलंच आहे. त्यातले थोडे पैसे बटण फिरवू शकणाऱ्या माणसांसाठी बाजूला ठेवावेत.

आई आणि बायको वर सेल बघायला गेल्या. मी आणि भाचा गाडीत बसलो. भाच्याला भविष्याची फार माहिती. "मामा, चीनमधल्या एका कंपनीने २०२५मध्ये एक मेगावॅटचा चार्जर दाखवलाय. पाच मिनिटांत चारशे किलोमीटर!" मी हिशेब केला. आमच्या सोसायटीत ५६ फ्लॅट, प्रत्येकी पाच किलोवॅट मंजूर भार धरला तर सगळे मिळून २८०. म्हणजे साडेतीन सोसायट्यांची वीज एका गाडीला, पाच मिनिटं. लिफ्टवाल्या काकांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

"आणि पुढे गाडीतून घराला वीज देता येईल," भाचा म्हणाला. मिक्सर, पंखा चालवायची सोय काही गाड्यांत आजही आहे. ही गोष्ट आईपासून लपवून ठेवायचं आम्ही ठरवलं. दिवाळीच्या चकलीची भाजणी स्टिल्टमध्ये दळली जाईल.

मी त्याला म्हटलं, बाळा, गाडी ताशी शंभराच्या वर पहिल्यांदा गेली ती १८९९मध्ये, आणि ती विजेचीच होती. तेव्हापासून विजेच्या गाडीचं भविष्य उज्ज्वलच आहे.

"मग अडलं कुठे?"

मी 'आईची कृपा'कडे बोट दाखवलं. ती अजून तिथेच होती.

आकडा ७६ झाला. ७८. भाचा वर गेला. फोनवर बिलाचा अंदाज दिसत होता, त्यात जीएसटी १८ टक्के. गाडी घेताना पाच टक्के लागला होता. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने २०१८मध्ये केला, त्यामुळे कोणालाही परवान्याशिवाय चार्जर लावता येतो. सेवा म्हटली की अठरा टक्के आले. बटण फिरवण्याच्या सेवेवर मात्र वॉचमनने काही लावलं नव्हतं.

८०.

आणि नेमकी तेव्हाच उतारावरून एक हिरव्या प्लेटची छोटी गाडी खाली आली. आत नवरा, बायको आणि मागे झोपलेलं बाळ. नवऱ्याने काच खाली केली, आधी 'आईची कृपा'कडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे, मग वॉचमनला काहीतरी विचारलं. मला फक्त "अकरा टक्के" एवढंच ऐकू आलं.

मी मनात हिशेब केला. तिसरा मजला आज रात्री. उद्या चौथा. माझा मंगळवार म्हणजे परवा. उद्या ऑफिस, येताना आईला डॉक्टरकडे. ऐंशीत सगळं आरामात होत होतं. पण पंच्याऐंशी असले तर बरं, असं आपलं वाटलं. पाच टक्के म्हणजे काय, सहा-सात मिनिटं. मी गाडीतून हळूच उतरलो आणि जरा पाय मोकळे करावेत म्हणून बी-१४च्या खांबामागे जाऊन उभा राहिलो. योगायोगाने तिथून पडदा दिसत होता आणि मी दिसत नव्हतो. ८१. बाळ जागं झालं. ८२. बाळ रडायला लागलं. ८३ यायला इतका वेळ लागला की मी खांबावरची अग्निशमनाची सूचना दोनदा वाचली.

खांबाच्या बाजूने आधी पाण्याची बाटली दिसली, मग शिट्टी, मग वॉचमन.

"साहेब, ऐंशी झाले."

"झाले का?" मी म्हणालो. "नेटवर्क नव्हतं ना खाली."