घाटात जायचंय? आधी गाडी चमकवा

राजेहो, नागपूरच्या गाडीला चढ माहीत असतो तो वर्धा रोडच्या उड्डाणपुलाचा. म्हणून चिखलदऱ्याला निघायचं ठरलं की पहिली चिंता पेंटचीच करावी. ब्रेक काय, फोटोत दिसत नाहीत.

तयारी दहा दिवस आधी सुरू करा. दोन बादल्या लागतील: एक शॅम्पूची, दुसरी नुसती मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला, दोन्हींच्या तळाशी जाळी. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर शॅम्पू टाकू नका, पुसायच्या आत वाळतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वर बोनस. मग क्ले बार (पेंटमध्ये रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी), पॉलिश, आणि शेवटी सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पेंटवर बसणारा कडक पारदर्शक थर. त्यानंतर आठवडाभर गाडीला पाणी लागू द्यायचं नाही. मायक्रोफायबर जमिनीवर पडला तर तो बाद, कारण वाळूचा एक कण सगळ्या दरवाजावर ओरखडे काढतो. एवढी काळजी घरच्या म्हाताऱ्यांचीही कोणी घेत नाही.

ब्रेक ऑइलची डबी मात्र उघडू नका. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं. ते हवेतला ओलावा पितं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलतात. जुनं झालं की १४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. घाबरू नका, बुडबुडे शॅम्पूचा फेस उडवणाऱ्या फोम गनमधूनही येतातच की.

टायरचं ड्रेसिंग, म्हणजे चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश, साइडवॉलपुरतं (टायरच्या बाजूपुरतं) का ठेवता? नक्षीवरही चोपडा. डांबर आणि रबर यांच्यामध्ये सिलिकॉन बसलं की वळणावर गाडी स्वतःच्या मर्जीने जाते. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर कायदा टायर बदला म्हणतो. तुम्ही आणखी एक हात द्या. साइडवॉलवर ‘२३१९’ असं काही दिसलं, म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला, तर त्यावर जाड थर लावा. डॅशबोर्डही असा चकाकवा की काचेत रस्त्याऐवजी तोच दिसेल. स्टिअरिंग आणि पेडलना तेच पॉलिश.

परतवाडा सोडून वळणं लागली की चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. हा नियम कोटिंग नसलेल्यांसाठी. समोर एसटी आली तर ड्रायव्हरसाहेबांना कोटिंगचं बिल दाखवा.

परतताना उतारावर न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं म्हणतात. खरं तर इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून पाय उचलला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्येच इंजिन ते पीत राहतं. शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक गार राहतात. पण मग इंजिन ओरडतं, आणि शेजारच्या सीटवरून ‘काहून एवढा आवाज येऊन राह्यला?’ विचारतात.

पायथ्याला पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारा, काळी ब्रेकची धूळ सुटली पाहिजे. डिस्क वाकेल, मग प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरेल. चाकं मात्र स्वच्छ.

आणि वर चिखलदऱ्यात वानरांनी छतावर बैठक मारली असेल तर रागावू नका. कोटिंगच्या बाटलीवरचं ‘९एच’ पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे, वानराच्या नखांचं नाही.