खोडरबरने घासून रॅम दुरुस्त होत नाही

तो मेसेज परत फिरतोय, या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: पीसी अडकतोय, निळा स्क्रीन येतोय तर रॅम काढा, खोडरबरने घासा, परत लावा, विंडोजची मेमरी टेस्ट पास झाली की रॅम ओके, मग फॉरमॅट मारा, आणि रॅम खरंच गेली असेल तर पीसी चालूच होत नाही.

शेवटचं वाक्य आधी घेतो, सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. रॅम पूर्ण मेली तर पीसी चालू होणार नाही हे खरंय, पण ८ जीबीच्या स्टिकमधले, म्हणजे रॅमच्या पट्टीतले, दोनचार सेल (डेटा साठवणारे बारीक कप्पे) खराब असले तर पीसी रोज व्यवस्थित चालू होतो आणि गुपचूप डेटा बिघडवत राहतो. मी स्वतः जोडलेल्या पीसीत, डीडीआर४ प्रकारच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, बहिणीच्या लग्नाचे फोटो नव्या ड्राइव्हवर टाकले तर वीसेक फोटोंत अर्ध्यापासून खाली नुसता राखाडी पट्टा. निळा स्क्रीन एकदाही आला नव्हता. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नव्हतं म्हणून वाचलो.

खोडरबर. जुन्या, धूळ खाल्लेल्या पीसीत कधीकधी फरक पडतो, मान्य, पण बहुतेक वेळा तो काढून परत नीट बसवल्याचा असतो, घासल्याचा नाही. कॉन्टॅक्टवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, तो कशाला झिजवायचा, वर रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो तो वेगळाच. आणि चिपच्या आतला खराब सेल बाहेरून घासून कसा बरा होईल सांगा.

विंडोजची टेस्ट चूक सापडली तर उपयोगाची, नाही सापडली तर फार काही सिद्ध होत नाही. ती आपोआप स्टँडर्डवर चालते, दोनच पास म्हणजे फेऱ्या, एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडावं लागतं हे मेसेजमध्ये कुठेच नाही. माझी रॅम त्यात पास झाली होती. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावलं, फुकटच्या व्हर्जनमध्ये चार पास मिळतात, पहिला स्वच्छ गेला आणि रात्री दीडला दुसऱ्या पासमध्ये लाल ओळ, म्हणजे चूक, आली. एक चूकसुद्धा चालत नाही, शून्यच पाहिजे.

पण लाल ओळ आली म्हणून लगेच रॅमला दोष देऊ नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, बंद करा, कारण खोक्यावरचा ३६०० हा वेगाचा आकडा बहुतेकदा एक्सएमपीचाच असतो, १.२ ऐवजी १.३५ व्होल्टवर चालणारा, आणि तो प्रत्येक बोर्ड-प्रोसेसरला झेपेलच असं नाही. तरी चुका आल्या तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांत सीपीयूपासून दुसऱ्या, लावून टेस्ट करा, मग चांगली निघालेली स्टिक बाकीच्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक, स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन, किंवा वाजवीपेक्षा जास्त आवळलेला कूलर. माझी स्टिकच निघाली.

फॉरमॅट तर या सगळ्याआधी मुळीच मारू नका, नवीन विंडोजसुद्धा त्याच खराब रॅममधून ड्राइव्हवर जाणार, म्हणजे पहिल्या दिवसापासून मोडकं. त्यापेक्षा लाल ओळीचा फोटो काढा आणि वॉरंटी बघा, ती बऱ्याचदा अनेक वर्षांची असते, जोडी घेतली असेल तर कंपनीवाले दोन्ही स्टिक परत मागू शकतात. नवी रॅम लागल्यावर मधल्या काळात कॉपी केलेल्या फाइली मूळ जागेवरून परत कॉपी करा, त्या आपोआप नीट होत नाहीत.