‘टेबलावरचा एमआरआय नसेल तर नागपुरात थांबू नका’: एका फॉरवर्डला उत्तर

ब्रेन ट्यूमरबद्दल एक फॉरवर्ड नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय काढणारं मशीन असेल तर गाठ मुळासकट निघते, पेशंटचं आयुष्य दुप्पट होतं, सोनोग्राफीवर भागवणाऱ्या दवाखान्यात डोकं उघडू देऊ नका, नागपुरात तर थांबूच नका. धंतोली या नागपूरच्या दवाखान्यांच्या भागात हातात फाइल घेऊन फिरणाऱ्या छिंदवाड्याच्या किंवा गडचिरोलीच्या नातेवाइकावर याचा काय परिणाम होईल, हे पाठवणाऱ्यांच्या मनातही आलेलं दिसत नाही.

‘मुळासकट’पासूनच सुरुवात करू. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरला असं मूळ नसतंच. एमआरआयवर चमकते ती गाठ, पण तिच्या पेशी भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या मेंदूत आधीच शिरलेल्या असतात. १९२८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने अशा गाठींसाठी मेंदूचा अख्खा उजवा अर्धा भाग काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तरी या आजारावर मात झाली नाही. मेनिन्जिओमा या गाठीचं वेगळं. ती मेंदूच्या आवरणातून वाढते, बहुतेकदा साधी असते आणि त्यासाठी हे मशीन सहसा लागतही नाही. फॉरवर्डमध्ये सगळे ट्यूमर एकाच पोत्यात भरलेत.

मशीनचा उपयोग मात्र खरा आहे. सर्जनला मेंदूत वाट दाखवणारं नॅव्हिगेशन ऑपरेशनच्या आधीच्या एमआरआयवर चालतं. कवटी आणि आवरण उघडलं, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, गाठीचा काही भाग निघाला की मेंदू खाली बसतो आणि तो नकाशा चुकू लागतो. मध्येच नवा एमआरआय काढला की राहिलेला तुकडा दिसतो. फ्रँकफर्टच्या २०११ सालच्या चाचणीत या मशीनने २४ पैकी २३ जणांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली; त्याशिवाय २५ पैकी १७ जणांची. फरक मोठा आहे, पण चाचणी ४९ जणांची होती आणि मोजलं होतं ते गाठ किती निघाली हे.

आता ‘आयुष्य दुप्पट’. गाठ जास्त निघणं आणि माणूस जास्त जगणं यांत केवढं अंतर पडू शकतं, ते २००६ च्या जर्मन चाचणीत दिसतं. तिथे तंत्र वेगळं होतं: ऑपरेशनआधी ५-एएलए हे औषध पाजायचं, मग निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी दिसते. दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. सहा महिन्यांनंतर आजार न वाढलेले पेशंटही सुमारे दुप्पट झाले, २१ टक्क्यांऐवजी ४१. ‘दुप्पट’ बहुधा अशाच एखाद्या आकड्यावरून उचललं असावं. पण एकूण आयुष्याचा मध्यांक १५.२ महिने विरुद्ध १३.५, हा फरक निर्णायक ठरला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यातही अशा तंत्रांबद्दलचा पुरावा कमी ते अगदी कमी दर्जाचाच ठरला. याउलट २००५ च्या ५७३ पेशंटच्या चाचणीत शेकासोबत (रेडिएशनसोबत) टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या दिल्यावर दोन वर्षं जगणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. त्या गोळ्यांचा फॉरवर्ड माझ्याकडे अजून आलेला नाही.

सोनोग्राफीची हेटाळणी तर समजतच नाही. ती टेबलावर हवी तितक्या वेळा करता येते आणि खाली बसलेला मेंदू आत्ता आहे तसा दाखवते. चित्र सर्जनला वाचता यायला हवं, हे खरं. आणि महागडं ते सरसच असंही नाही: जर्मनीतल्या ११ केंद्रांच्या २०२३ च्या अभ्यासात टेबलावरचा एमआरआय ५-एएलएपेक्षा सरस ठरला नाही, ऑपरेशन मात्र लांबलं. पेशंटला जागं ठेवून किंवा विजेने तपासून बोलण्या-हालचालीच्या जागा सांभाळत गाठ काढली, तर कायमची मोठी इजा कमी होते. ते सांभाळणारी टीम आहे का, हे मी मशीनच्या आधी विचारेन.

राहिलं नागपूर. दुसरं मत घ्यायला मुंबईला जरूर जा. विदर्भ एक्सप्रेस रोजच जाते. पण ग्लिओब्लास्टोमा मशीनच्या तारखेसाठी थांबत नाही, आणि ऑपरेशननंतरचा शेक साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस असतो. तो गावाजवळ घेता येणं हा हिशेबातला मोठा आकडा आहे. सर्जनला विचारायचं ते हे: गाठ कोणती वाटते, किती काढायचा विचार आहे, कुठे थांबाल आणि का, ७२ तासांच्या आत पुन्हा एमआरआय होईल का, शेक कधी सुरू होईल.